शेवाळ, मोरचूद आणि मुठेचे पाणी

आमच्या जुन्या वाड्याच्या न्हाणीघरात तांब्याचे घंगाळ होते. चिंच लावून घासायचा कंटाळा केला तर ते काळवंडे, हिरवट डागही पडत, पण त्यात शेवाळ कधी धरले नाही. आता गच्चीवर प्लॅस्टिकची टाकी आहे. तिचे झाकण वाऱ्याने सरकले की पंधरवड्यात आतून हिरवा लेप चढतो. तांबे शेवाळाला मारते, हे आपल्याकडे रसायनशास्त्र न शिकलेल्यांनाही ठाऊक होते. विहिरीचे पाणी हिरवे झाले की मोरचुदाची पुरचुंडी सोडत. मोरचूद म्हणजे तांब्याचे सल्फेट. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या मूर आणि केलरमन या दोघांनी १९०४ मध्ये जलाशयांतले शेवाळ मारण्यासाठी हाच उपाय शास्त्रीय अहवालाच्या रूपाने मांडला.

आणि आज नेमके उलटे ऐकू येते: तांबे, शिसे, निकेल, कॅडमियम, क्रोमियम असे जड धातू पाण्यात मिसळले असतील तर ते काढायला गोड्या पाण्यातले सूक्ष्मशैवाल वापरा. स्वस्त, हिरवे, निसर्गाचे आपले. पुण्यासारख्या शहरात, जिथे नदीचा विषय निघाला की प्रत्येकाकडे एक रामबाण उपाय तयार असतो, तिथे ही कल्पना लगेच रुजते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जो धातू शेवाळाला मारतो, तोच शेवाळ पाण्यातून ओढून घेते. फक्त किती पाणी, किती धातू, आणि शेवाळ जिवंत की मेलेले, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आधी ओढून घेण्याची तऱ्हा पाहू. क्लोरेला हे यातले सर्वांत अभ्यासलेले शेवाळ. डच शास्त्रज्ञ बायरिंक याने १८९० मध्ये ते वेगळे करून त्याचे नामकरण केले. एक पेशी म्हणजे एक अख्खा जीव, आकार मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा. तिच्या भित्तिकेवर कार्बोक्सिल, फॉस्फेट, अमिनो असे रासायनिक गट असतात. त्यांतल्या बऱ्याच गटांवर पाण्यात ऋण भार असतो, आणि शिसे किंवा तांबे पाण्यात धन भाराचे आयन होऊन फिरतात. ते येऊन चिकटतात. याला जैव अधिशोषण म्हणतात, आणि ते मिनिटांत आटोपते. त्यासाठी पेशी जिवंत असण्याची गरजच नाही. वाळवून पूड केलेले शेवाळही हे काम करते, कधी कधी जास्त चांगले. दुसरी तऱ्हा संथ आहे. जिवंत पेशी धातू आत घेते, फायटोकेलेटिन नावाच्या गंधकयुक्त साखळ्यांत तो बांधून टाकते, किंवा पॉलिफॉस्फेटच्या कणांत कोंडून ठेवते. विषारी पाहुण्याला माजघरात न येऊ देता ओसरीवरच्या खोलीत कुलूप घालण्यासारखे हे आहे.

सगळा खेळ सामूवर, म्हणजे पीएचवर चालतो. पाणी फार आम्लधर्मी असेल तर हायड्रोजनचे आयन त्याच जागा अडवतात आणि धातूला थारा मिळत नाही. चार ते सहाच्या दरम्यान बहुतेक धातू छान चिकटतात. षट्संयुजी क्रोमियमचे मात्र उफराटे आहे. ते क्रोमेट होऊन ऋण भार घेऊन फिरते, म्हणून त्याला दोनच्या आसपासचा तीव्र आम्लधर्मी सामू लागतो, आणि तिथे शेवाळाच्या संपर्कात त्याचे कमी विषारी त्रिसंयुजी क्रोमियम होऊ लागते. म्हणजे एकाच टाकीत निकेल आणि क्रोमियम दोन्ही काढू म्हणणाऱ्याला आधीच दोन टाक्या लागणार.

आता पुण्याकडे. इथे जड धातू येतात कुठून? पहिले नाव औद्योगिक पट्ट्याचे. पिंपरी, चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण. मोटारीच्या सुट्या भागांवर निकेल, क्रोम, जस्त चढवणाऱ्या प्लेटिंगच्या छोट्या-मोठ्या शेडी या पट्ट्यात आहेत. त्यांचे पाणी नियमाप्रमाणे शुद्ध होऊन जावे, आणि नियम चुकवून गेले तर पवना, इंद्रायणी, मुळा यांपैकी कोणती तरी नदी जवळ असतेच. दुसरे, शहराचा स्वतःचा धातू: रस्त्यावरची धूळ, टायर, ब्रेकची झीज, जुने रंग, भंगारात फुटलेल्या बॅटऱ्या, गणपतीच्या मूर्तींवरचे रंग. पहिल्या पावसाबरोबर हे सगळे नागझरी, आंबील ओढा, भैरोबा नाला यांतून उतरते. तिसरा स्रोत कुणाच्या ध्यानात येत नाही. आपण बसलो आहोत तो दख्खनचा काळा पाषाण. बेसाल्टात तांबे, निकेल, क्रोमियम मुळातच असतात. नदीतला गाळ तपासून ‘धातू सापडले’ अशी बातमी करणाऱ्याने त्यातले खडकाचे किती आणि कारखान्याचे किती, हे वेगळे करून सांगायला हवे. बहुतेक बातम्यांत ते नसते.

आणि नदी प्रदूषित आहे हे आपण ठरवतो कशावरून? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशभरातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत जास्त. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ वर उतरला, महाराष्ट्राचा ५५ वर चढला. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, भीमा यांची नावे या यादीत असतात. पण ही यादी बनते जैविक ऑक्सिजन मागणीवरून, म्हणजे पाण्यात सडणारा सेंद्रिय मैला किती यावरून. जड धातूंचा त्या क्रमवारीशी संबंध नाही. पुण्याच्या नदीचे मुख्य दुखणे मैलापाणी आहे, आणि त्याचे औषध ठरलेलेही आहे. जपानच्या ‘जायका’च्या कर्जातून ९९०.२६ कोटींची योजना आली, ११ शुद्धीकरण केंद्रे, रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमता. आधीच्या ४७७ मध्ये ती मिळवली की ८७३ होतात. जानेवारी २०१६ मध्ये करार झाला, आणि मग केंद्रे उभी राहायला किती वर्षे लागली हे पुणेकरांना सांगायला नको. मैल्यावर चालणारी ही केंद्रे धातूंसाठी बांधलेली नाहीत. मैल्यात आलेला धातू बराचसा गाळात बसतो, उरलेला पुढे जातो.

पुढे म्हणजे कुठे? काही पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलून कालव्याने हवेली-दौंडच्या शेतीला जाते, उसाच्या मुळाशी. बाकीचे मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला देते आणि भीमा उजनीला. उजनीचे पाणी उन्हाळ्यात हिरवे दिसते, ते शेवाळच. आपल्या शहराने पाठवलेल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर वाढलेले. तेच खाऊन पाण्यातले बारीक किडे जगतात, ते मासळी खाते, आणि मासळी भिगवणच्या बाजारात येते. भिगवणला जमणारे रोहित पक्षीही याच पाण्यातून शेवाळ आणि किडे गाळून खातात. शेवाळ धातू गोळा करते हा जो गुण आपण प्रयोगशाळेत वाखाणतो, तो उघड्या नदीत अन्नसाखळीची पहिली पायरी ठरतो. स्पिरुलिनाच्या गोळ्या आरोग्यासाठी घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. ते कुठल्या पाण्यात वाढवले, आणि शिसे-पाऱ्याची तपासणी झाली का, हे डबीवर पाहावे.

मानकांकडे पाहिले की प्रश्नाची धार आणखी कळते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात निकेलची मर्यादा लिटरला ०.०२ मिलिग्रॅम आहे. कारखान्याने नदीत सोडायच्या पाण्यासाठी ती ३ मिलिग्रॅम. दीडशेपट. कॅडमियम पिण्याच्या पाण्यात ०.००३, सोडायच्या पाण्यात २. म्हणजे साडेसहाशेपटीहून जास्त. सोडलेले पाणी नदीत विरळ होईल या भरवशावर हे अंतर ठेवलेले आहे. पण खडकवासला धरणाच्या खाली उन्हाळ्यात मुठेत स्वतःचे पाणी असते किती? विरळ करायला तिथे मैलापाणीच आहे.

तर मग शेवाळाची तळी करू, असे म्हणणारे भेटतात. पाटी-पेन्सिल घेऊन बसू. समजा रोजच्या दहा कोटी लिटर मैलापाण्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅम शिसे आहे. हा गृहीत आकडा, हिशेबापुरता. दिवसाला दहा किलो शिसे झाले. शेवाळाची उथळ तळी साधारण एक फूट खोल ठेवतात, कारण त्याखाली ऊन पोचत नाही. पाणी चार दिवस मुरवायचे. म्हणजे चार लाख घनमीटर पाणी, ३० सेंटिमीटर खोलीत: सुमारे १३३ हेक्टर, ३३० एकर. पुणे विद्यापीठाचे आवार ४११ एकरांचे आहे. त्याच्या चार-पंचमांश जागेवर नुसती तळी, आणि तीही पुण्याच्या रोजच्या मैलापाण्याच्या एका लहान हिश्श्यासाठी. नदीकाठची जागा घ्यावी तर ती निळ्या पूररेषेत. धरणातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, तिथे तळी कशी राहणार?

हिशेब इथे संपत नाही. चौरस मीटरला दिवसाला १५ ग्रॅम सुके शेवाळ धरले तर या तळ्यांतून रोज २० टन निघेल. दहा किलो शिसे त्यात सारखे वाटले गेले तर किलोला ५०० मिलिग्रॅम. शहरी कंपोस्ट खताची केंद्राने घातलेली मर्यादा आहे किलोला १०० मिलिग्रॅम शिसे. म्हणजे पाचपट. ‘शेवाळ काढायचे आणि खत करायचे’ ही बातम्यांची आवडती शेवटची ओळ इथे कोसळते. एवढे शेवाळ मग घातक कचरा ठरू शकेल, आणि रोज वीस टन रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पाकडे पाठवायचे, तेही सुके. निघताना ते सुके नसते. लिटरभर पाण्यात त्याचा जेमतेम चतकोर ग्रॅम तरंगत असतो.

काढणे हे खरे रडगाणे आहे. क्लोरेला इतके बारीक की फडक्यातून निसटते, आपोआप खाली बसत नाही. सेंट्रिफ्यूज लावला तर विजेचे बिल. तुरटी घातली तर तिचा गाळ वाढतो. शेवग्याच्या बियांची पूड घालूनही ते साकळते, आणि तो प्रयोग छान दिसतो, पण दहा कोटी लिटरला शेवगा किती लागेल? दुसरी एक गंमत आहे. भर उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, त्यामुळे तळ्याचा सामू नऊ-दहापर्यंत चढतो, आणि त्या सामूला बरेच धातू नुसते हायड्रॉक्साइड होऊन तळाशी बसतात. शेवाळाने ‘पिऊन’ काढले असे ज्याला म्हणतो, त्यातले किती याच साक्याने बसले? चोख प्रयोगात याची वेगळी बरणी ठेवतात. न ठेवलेले प्रयोगही पुष्कळ आहेत. रात्री श्वसनाने सामू पुन्हा उतरतो, आणि दिवसा बसलेल्यातले काही परत विरघळू शकते.

प्रयोगशाळेतल्या ९५ टक्क्यांबद्दलही थोडे बोलायला हवे. असा आकडा येतो तो बहुधा ऊर्ध्वपातित पाण्यात एकच धातू, लिटरला ५० किंवा १०० मिलिग्रॅम, अशा द्रावणात. तिथे शेवाळाला स्पर्धक नाही. नदीच्या पाण्यात धातू त्याच्या शतांशाने, सहस्रांशाने असतो, आणि सोबत कॅल्शियम-मॅग्नेशियमची गर्दी. विहिरीच्या पाण्याने पातेल्याला पांढरा थर धरतो, ते हेच कॅल्शियम. तेही त्याच ऋण भाराच्या जागांवर जाऊन बसते. शंभराचे पाच मिलिग्रॅम उरले तर ९५ टक्के यश, पण पाच मिलिग्रॅम शिशाचे पाणी नदीत सोडायलाही बेकायदा आहे. तिथली मर्यादा ०.१ आहे.

हे सगळे वाचून कुणी म्हणेल, मग जलपर्णीच बरी. ती निदान हाताने उपसता येते. जलपर्णीही धातू ओढते, हे खरे आहे. दर उन्हाळ्यात मुळा-मुठेतून आणि पवनेतून तिचे ढीग निघतात. ते काठावर टाकले जातात, तिथे कुजतात, आणि पहिल्या वळवात जे बाहेर काढले ते परत नदीत. शेवाळाची तळी चालवण्याआधी काय होईल हे पाहायचे असेल तर हा धडा फुकट उपलब्ध आहे. धातू हे मूलद्रव्य आहे. जिवाणू मैला खाऊन संपवतात तसे धातूला कुणी संपवत नाही. तो फक्त जागा बदलतो.

शेवाळ आणि सांडपाणी यांची सोयरीक मात्र जुनी आहे, आणि तिचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. कॅलिफोर्नियात विल्यम ओसवाल्ड यांनी १९५० च्या दशकात शेवाळाच्या उथळ तळ्यांनी मैलापाणी शुद्ध करण्याची पद्धत बसवली. शेवाळ ऑक्सिजन देते, जिवाणू मैला फोडतात. भारतात नागपूरच्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे १९७४ पासून जिला आपण ‘नीरी’ म्हणतो तिने, अशा तळ्यांच्या रचनेवर काम केले आणि १९७० मध्ये अर्सीवाला आणि सहकाऱ्यांचे भारतीय परिस्थितीसाठीचे मार्गदर्शक पुस्तकच काढले. लहान गावासाठी, जिथे जमीन आहे आणि मैल्यात कारखान्याचे पाणी नाही, तिथे ही पद्धत आजही पटण्यासारखी आहे.

धातूंसाठीचा प्रयत्न वेगळ्या वाटेने गेला, आणि तो जास्त बोधक आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या लास क्रूसेसच्या एका कंपनीने क्लोरेला मारून, सिलिका जेलच्या दाण्यांत पक्के बसवून ‘अल्गासॉर्ब’ नावाचा माल तयार केला. नळीत भरायचा, वरून पाणी सोडायचे, भरला की रसायनाने धातू सोडवून घ्यायचा आणि पुन्हा वापरायचा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला पारायुक्त भूजलावर त्याची प्रात्यक्षिक चाचणी घेतली. अमेरिकेच्याच खाण विभागाने ‘बायोफिक्स’ नावाचे, पीट मॉस आणि शेवाळ प्लॅस्टिकच्या मण्यांत भरलेले दाणे खाणींच्या पाण्यावर वापरून पाहिले. दोन्ही चालले. दोन्ही बाजारात टिकले नाहीत. कारण अधिशोषणाचे विज्ञान खोटे होते म्हणून नव्हे. बाजारात आयन-विनिमयाची रेझिन आधीच होती, तिचा प्रत्येक पोत्यातला गुण सारखा होता, आणि शेवाळाचा हंगामागणिक बदलत होता. या विषयावरचे ढीगभर शोधनिबंध पाहताना मला हे सारखे आठवते. गेल्या चार दशकांत टक्केवारी सुधारत गेली. पोते मात्र कुणी विकायला आणलेले फारसे दिसत नाही.

पुण्यात हे पोते तयार करण्याची सामग्री आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, त्यात शैवालांचे वाणही मिळतात. याच प्रयोगशाळेने महापालिकेबरोबर प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवण्याची रीत पुणेकरांच्या घरात पोचवली. अभ्यास प्रयोगशाळेच्या दाराबाहेर येऊ शकतो, याचा तो पुरावा. आघारकर संशोधन संस्थेत डायटम या काचेच्या भित्तिकेच्या शेवाळांवर काम चालते, आणि मला शेवाळाचा खरा उपयोग तिथे जास्त दिसतो. धातूंच्या ताणाखाली डायटमच्या नक्षीदार काचा वाकड्यातिकड्या होतात. मुळा-मुठेच्या संगमावरच्या दगडावरचा तपकिरी बुळबुळीत थर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर गेल्या काही आठवड्यांत पाण्यात काय गेले, याची साक्ष मिळू शकते. रात्री सोडून दिलेले पाणी सकाळी तपासनीस येईतो वाहून गेलेले असते. दगडावरचा थर जागचा हलत नाही. सेंद्रिय प्रदूषणासाठी असा निर्देशांक पामर यांनी १९६९ मध्येच दिला होता. त्यात युग्लिना आणि ऑसिलेटोरिया सर्वांत वर आहेत, आणि क्लोरेलाही यादीत आहे.

धातू मुळात पाण्यात येऊच नये, हा उपाय शेवाळापेक्षा कितीतरी पट चालला आहे, हेही नोंदवायला हवे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाखांत ९० भाग झाली. या दोन कागदांनी जेवढे शिसे अडवले असेल, तेवढे अडवायला किती एकर तळी लागली असती?

म्हणून शेवाळाला जागा शोधायची तर ती नदीत नाही, भोसरीतल्या प्लेटिंगच्या शेडमध्ये आहे. तिथे काम वेगळे आहे. निकेलच्या टाकीतून काढलेला भाग धुतला की त्याच्या अंगाला लागलेले द्रावण धुवणात उतरते. चांगला कारागीर भाग टाकीवर क्षणभर जास्त निथळू देतो, आणि मालक शहाणा असेल तर धुवण्याच्या टाक्या उलट क्रमाने जोडून पाणी वाचवतो. मग ईटीपी, म्हणजे कारखान्याचे सांडपाणी शुद्ध करायची सोय: क्रोमचे पिवळे पाणी आम्ल करून मेटाबायसल्फाइटने हिरवे करायचे, चुन्याने सामू चढवायचा, गाळ दाबून काढायचा. यातून गेल्यावरही समजा दहा हजार लिटर पाण्यात लिटरला पाच मिलिग्रॅम निकेल उरले. दिवसाचे पन्नास ग्रॅम. ग्रॅमला वीस मिलिग्रॅम धरणारे मेलेले, वाळवलेले, दाण्यांत बसवलेले शेवाळ असेल तर अडीच किलो पुरते. एकर नाहीत, एक ड्रम. ऊन नको, खत नको, रात्रीचा सामू नको. कुठला धातू येणार ते माहीत, पाणी किती ते माहीत.

भरलेल्या दाण्यांतून पातळ गंधकाम्ल फिरवले की निकेलचे सल्फेट उतरते, आणि निकेलच्या टाकीत मुळात घातलेले असते तेही निकेलचे सल्फेटच. सोबत आलेले कॅल्शियम वगैरे गाळावे लागेल, पण पन्नास ग्रॅम निकेल नदीऐवजी टाकीकडे परत जाऊ शकते. शेडचा मालक तरी दोनच गोष्टी विचारेल: दाण्यांचा किलोचा भाव काय, आणि चार-सहा फेऱ्यांनी दाणे झिजले की ते रांजणगावला न्यायचा खर्च कुणाचा.